एकसष्टीचा मर्लो : प्रकल्प नोंदी

10 डिसेंबर 2024, नाशिक

फ्रान्समधल्या तुलूजहून दादाचा फोन आला होता. 9 फेब्रुवारीला आबांची एकसष्टी. हॉल नाही, आचारी नाही, घरच्या घरी जेवण, असं आबांनी दिवाळीतच बजावून ठेवलंय. दादा म्हणाला, "मी मर्लो आणतो. चांगला. सोबत काय वाढायचं ते तू बघ." मर्लो म्हणजे लाल वाइनचं काळं द्राक्ष, आणि त्याच्या वाइनलाही तेच नाव.

फोन ठेवला आणि ही वही काढली.

2005 साली आबांनी थॉमसनच्या, म्हणजे खायच्या द्राक्षांच्या, बागेला लागून पाऊण एकर मर्लो लावला होता. निफाड तालुक्यात तेव्हा वाइनच्या द्राक्षांची हवा होती. विंचूरला वाइन पार्क आलं होतं, ओळखीतल्या प्रत्येकाचा कुणाशी ना कुणाशी करार होता. आमचा चार हंगाम माल गेला, त्यातल्या शेवटच्या दोन हंगामांचे पैसे अडकले ते अडकलेच. 2010 मध्ये आबांनी बाग काढली. ट्रॅक्टरला साखळी लावून खोडं उपटताना मी बांधावर उभी होते. विहिरीपाशी एक वेल तेवढा राहिला, मोटरच्या खोलीवर सावली धरतो म्हणून.

त्या द्राक्षांची वाइन आबांनी कधी चाखली नाही. माल तोडायचा, क्रेट भरायचे, गाडी रवाना करायची, इथपर्यंतच त्यांचा संबंध. मी आज टेस्टिंग रूममध्ये रोज चाळीस-पन्नास पाहुण्यांना वाइन समजावून सांगते आणि ज्या माणसाने ती द्राक्षं वाढवली त्याला एकदाही नीट समजावलेली नाही. म्हणून हे नुसतं जेवण धरायचं नाही, काम धरायचं. हाताशी दोन महिने आहेत.

ठरलं ते असं: सराव इथल्याच मर्लोवर करायचा. पदार्थ आईच्या स्वयंपाकघरातलेच, पास्ता-स्टेक काही नाही. आणि प्रत्येक वेळी वाइनचं तापमान मोजून लिहायचं.

14 डिसेंबर

अकलूजकडच्या द्राक्षांचा मर्लो आणला. आबा औषधं घ्यायला नाशिकला आले होते, ते संध्याकाळी घरी थांबले. दुकानातून आणलेली बाटली तशीच उघडली, मोजायचं विसरले. ग्लासात ओतल्यावर दुधाचा थर्मामीटर घातला तर 26 अंश.

रंग माणकासारखा, कडेला जांभळा. ग्लास फिरवून नाक घातलं तर आधी नुसता दारूचा भपका. त्याच्या मागून शिजवलेल्या आलुबुखाराचा वास, थोडा व्हॅनिला, तो ओकच्या पिंपाचा. आबांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि बराच वेळ जीभ टाळूला लावून बसले.

"कात लावलंय ह्याला."

"काय?"

"पानाला कात जास्त आणि चुना कमी पडला ना, की असं होतं. जीभ ओढली जाते."

पाहुण्यांना टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट अंश, समजावताना मी कोऱ्या चहाचं उदाहरण देते. आबांचा शब्द त्याहून नेमका आहे, कारण कातातही टॅनिनच असतं. सुपारीत असतं, जांभळाच्या बीत असतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. तुरट ही खरं तर चव कमी आणि स्पर्श जास्त.

मग ते म्हणाले, "ह्याच्यासाठी औषधं मारली आपण एवढी?" आणि ग्लास बाजूला ठेवला.

मला वाईट वाटलं. चूक माझीच. 26 अंशाला मर्लोतलं अल्कोहोल पुढे येतं आणि फळ मागे राहतं. मर्लोला 16 ते 18 अंश हवेत. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य दगडी भिंतींच्या थंड घरांतून आलंय, आपल्याकडच्या खोलीला ते लागू नाही. उरलेली बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून 17 अंशावर मी एकटीने परत चाखली. तीच वाइन, पण करवंदाचा वास मोकळा झाला होता. आबा तोवर शेवटच्या बसने गेले होते.

21 डिसेंबर, गावी

मार्गशीर्ष चालू आहे, आईच्या घरात महिनाभर मांसाहार नाही. म्हणजे पहिली फेरी शाकाहारी. एका अर्थी बरं झालं. लाल वाइन म्हटलं की सगळे मटणावर उडी मारतात आणि भाजीचा विचार राहून जातो. आजी आणि मामी मटण खात नाहीत, त्यांच्या ताटाला जुळेल असं काही हवंच.

शेवभाजी. एका घासात निकाल लागला. तिखटाने जीभ पेटलेली असताना अल्कोहोल म्हणजे आगीत तेल. टॅनिन तर कडू लागायला लागलं. मिसळीचा विचार तिथेच सोडला.

भरली वांगी, आईच्या नेहमीच्या पद्धतीने: गोडा मसाला, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, चिंच, गूळ. पहिला घास बरा गेला. दुसऱ्या घासानंतर मर्लो पाणचट आणि आंबट वाटायला लागला. हा गुळाचा परिणाम. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइनमधलं फळ हरवतं, उरतो आंबटपणा आणि तुरटपणा. चिंचेचं उलटं होतं. पदार्थ फार आंबट असेल तर वाइनची स्वतःची आम्लता जाणवेनाशी होते, आणि मर्लोत ती मुळातच बेताची, त्यामुळे तो सपक पडतो. आमच्या वांग्यांत दोन्ही होतं.

मी आईला म्हटलं, "आई, चिंच-गूळ दोन्ही काढून बघूया?"

"मग त्याला भरली वांगी म्हणायचं का?"

"नको म्हणूस. पण करून तर बघ."

दुपारी केली. चिंच-गूळ काढल्यावर चवीला जागा पडली, ती भरायला आईने खोबरं आणि तीळ जास्त भाजले, अगदी तपकिरी होईपर्यंत, आणि कांदा चुलीत भाजून वाटणात घातला. हे तिने स्वतःहून केलं, मी काही बोलले नव्हते. तेल सुटेपर्यंत परतलं. ही वांगी मर्लोसोबत अशी बसली की मी थर्मामीटर बघायलाच विसरले. भाजलेल्या खोबऱ्याचा खरपूसपणा आणि पिंपातल्या ओकचा खरपूसपणा एकाच घरातले वाटतात. ओकची पिंपं बनवताना आतून विस्तवावर भाजतात, तोच वास वाइनमध्ये उतरतो. आईने खोबरं तव्यावर भाजलं. भाजणं दोन्हीकडे.

पहिला खरा धागा हा. मसाला आणि वाइन यांचं भांडण नाही. भांडण आहे तिखटाशी, गुळाशी आणि चिंचेशी. भाजलेला मसाला तर मर्लोचा सोयराच.

22 डिसेंबर

वांग्याचं भरीत, चुलीतलं. हिरवी मिरची निम्मी केली, कांद्याची पात घातली. बाजरीची भाकरी, वर लोणी. उत्तम. धुरकट वास वाइनमधल्या तंबाखूसारख्या वासाला उचलून धरतो. लोण्यामुळे तुरटपणाची धार मोडते. पंगतीची सुरुवात याने करायची, ठरलं.

आबा आज बागेत होते, चाखायला आले नाहीत. मीही बोलावलं नाही. आता त्यांनी चाखायचं ते एकदाच.

4 जानेवारी 2025

मार्गशीर्ष संपला. मटणाची फेरी.

काळा रस्सा आधी, कारण आबांचा जीव त्यात आहे. भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला, वर तर्री. वासाला मर्लोसोबत इतका जुळत होता की मला खात्रीच वाटली. तोंडात मात्र दोन अडचणी. तर्रीचं तिखट ही एक. दुसरी लक्षात यायला वेळ लागला: रस्सा गरम आणि पातळ. गरम रश्श्याने जीभ भाजलेली असते, वर 17 अंशाची वाइन गेली की तिची चवच लागत नाही. दोन्ही पातळ पदार्थ एकमेकांना धुऊन टाकतात. रस्सा भुरकायचा, वाइन घोट घ्यायची, आणि मध्ये चावायला काही नाही.

मग सुक्कं. बोकडाच्या मांडीचं आणि छातीचं मटण, थोडी चरबी ठेवून. लवंगीऐवजी ब्याडगी, म्हणजे रंग भरपूर आणि तिखट बेताचं. टोमॅटो नाही, कोकम नाही. सुकं खोबरं, खसखस, धणे, चक्रीफूल, लवंग, सगळं मंद भाजून पाट्यावर वाटलं. मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त, मुद्दाम. मिठाने कडवटपणा दबतो. आणि टॅनिनला धरायला मांसातली प्रथिनं नि चरबी मिळाली की ते लाळेच्या मागे लागत नाही.

हे चाखताना घडलं ते नीट लिहून ठेवते. घास चावला, अर्धा गिळला, मग घोट घेतला. पहिल्या क्षणी वाइन नेहमीपेक्षा गोड लागली, पिकल्या तुतीसारखी. मग चक्रीफूल वर आलं, आणि ते मटणातलं होतं की ग्लासातलं, सांगता येईना. शेवटी नेहमी जिथे जीभ ओढली जाते तिथे यावेळी मखमल होती. तापमान 17, बाटली उघडून पाऊण तास झालेला.

आई म्हणाली, "मग रस्सा नाहीच? एकसष्टीला?"

रस्सा करायचा. पण ग्लास उचलल्यावर, भातासोबत. आबांना रस्सा नाकारण्याइतकी मी मोठी झालेली नाही.

13 जानेवारी, भोगी

बाटली रात्रभर ओट्यावर राहिली. निफाडची थंडी; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे हिवाळ्यात उगाच पेपरात येत नाहीत. जेवायला बसलो तेव्हा वाइन 11 अंशावर होती आणि नुसती तुरट, कडसर, वास जवळपास नाहीच. थंडीत टॅनिन टोचतं आणि सुगंध दडून बसतो. डिसेंबरात 26 ला बिघडली होती, आज 11 ला. दोन्ही हातांच्या ओंजळीत ग्लास धरून बसले. दहा मिनिटांत आलुबुखार हळूहळू परत आला.

तोवर भोगीची भाजी पानात. वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, तीळ-दाण्याचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यंदा आईने भाजीत गूळ चिमूटभरच घातला, न सांगता. जमून आली. ओल्या हरभऱ्याचा हिरवा वास मर्लोला मानवतो. मर्लोतच एक हिरवी छटा असते, ढोबळी मिरचीसारखी. द्राक्ष कच्चं तोडलं तर ती फार होते, नेमकं तोडलं तर मागे ताजेपणासारखी राहते. हा गुण घराण्यातला आहे: मर्लोचा बाप कॅबर्ने फ्रां, हीही लाल वाइनच्या द्राक्षाची एक जात. आईचा पत्ता मात्र फार उशिरा लागला. 1996 मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या सें-सुलियाक गावात एक विसरलेला वेल सापडला, पुढे डीएनए जुळवल्यावर कळलं की मर्लोची आई तीच. शारांत भागात लोकांच्या दारापुढे असेच काही वेल उरले होते, त्यावरून तिला नाव दिलं माग्दलेन न्वार दे शारांत.

हे मी जेवताना आबांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "वेल कुणी ठेवला होता? सावलीला?" मी हो म्हटलं. दारात वेल ठेवतात तो बहुतेक सावलीसाठीच.

14 जानेवारी

तिळगूळ आणि मर्लो. अजिबात नाही. पुरणपोळीची हीच गत होणार. गोड पदार्थ ग्लास उचलल्यावरच.

25 जानेवारी

मामांचा आग्रह की सुरमई हवी. तळून पाहिली. घोटानंतर तोंडात बोंबील वाळत घातल्यासारखा वास राहिला. लाल वाइनमध्ये लोहाचा अंश असतो, माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडली की असा वास सुटतो. मामांना फोन करून सांगितलं, सुरमई दुसऱ्या दिवशी.

1 फेब्रुवारी

दादा-वहिनी आले. एका प्रवाशाला दोन लिटर आणता येते, म्हणून प्रत्येकी दोन बाटल्या, एकूण चार. मोजे आणि स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेल्या. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या सेंत-एमिल्योंची 'ग्रां क्रू', 2016 ची. 80 टक्के मर्लो, बाकी कॅबर्ने फ्रां. लगेच उभ्या करून कोठीघरात ठेवल्या. प्रवासात ढवळलेली वाइन आठवडाभर तरी स्वस्थ राहू द्यायची, गाळ खाली बसू द्यायचा.

लेबलवर एक गोष्ट दादालाही ठाऊक नव्हती. सेंत-एमिल्योंमध्ये 'ग्रां क्रू' हे त्या प्रदेशाच्या नियमांनी मिळणारं नाव आहे, उत्पादनाची मर्यादा आणि वाइन ठेवण्याची मुदत पाळली की ते लावता येतं. क्रमवारी वेगळी. 1955 मध्ये सुरू झालेली ती 'क्लासे'ची, म्हणजे दर्जा ठरवलेल्या मळ्यांची, यादी साधारण दहा वर्षांनी नव्याने लागते, शेवटची 2022 ला लागली. आपली बाटली त्या यादीतली नाही. मला त्याने काही फरक पडत नाही, पण पाहुण्यांना सांगताना दोन्हींची गल्लत करायची नाही.

2016 हे वर्ष बोर्दोत नावाजलेलं. ओला वसंत, मग कोरडा कडक उन्हाळा, सप्टेंबरच्या मध्यावर वेळेवर पाऊस, आणि रात्री थंड. मर्लो लवकर पिकतो. उन्हाने त्याची साखर धावायला लागली की आम्लता मागे राहते. रात्री थंड असल्या की दोघी बरोबर चालतात.

संध्याकाळी दादाने फोटो दाखवले. चुनखडीच्या टेकडीवरचं गाव, भोवती कमरेएवढ्या वेलींच्या ओळी. 1999 मध्ये द्राक्षमळ्यांसकट हा परिसर जागतिक वारसा झाला. आबांनी एक फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"छाटणी एकदाच?"

"एकदाच, आबा. हिवाळ्यात. वेल झोपलेला असतो."

"आणि आपण दोनदा. एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी." मग म्हणाले, "म्हणजे त्यांचा वेल झोपतो तरी. आपला बारा महिने कामाला."

दादाने 2017 च्या एप्रिलअखेरची गोष्ट सांगितली. मर्लोचे डोळे लवकर फुटतात, आणि नेमकं त्याच वेळी रात्री हिमकडाका पडला. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावर कित्येक मळ्यांचं पीक एका-दोन रात्रींत गेलं. लोक ओळींमधून मेणाचे डबे पेटवून बसले होते. आबा पुढे सरकून ऐकत होते. थंडीत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवणं, ठिबकने विहिरीचं कोमट पाणी सोडणं, हे त्यांनी जन्मभर केलंय. 2014 च्या गारपिटीत दोन एकर माल एका दुपारी जमिनीवर आलेला बघितलाय. त्यांना ह्या गोष्टीत परकं काही वाटलं नाही.

मग जमिनीचा विषय निघाला. सेंत-एमिल्योंच्या शेजारी पोमरोल, तिथे पेत्र्युस, साडेअकरा हेक्टरच्या आसपासचा मळा, जगातल्या सगळ्यात महागड्या मर्लोंपैकी एक. तिथली निळी चिकणमाती आणि आपली काळी कापसाची जमीन, दोन्हींत स्मेक्टाइट नावाची एकाच कुळातली माती असते. पाणी प्यायलं की फुगते, वाळली की भेगाळते. आबांचा विश्वास बसेना.

"काळ्या रानात द्राक्ष गुदमरतं गं. पाणी बसून राहतं. म्हणून तर आपण मुरमाडीत लावलं."

"तिथे तो मळा थोडा उंचावर आहे आबा. वरचं पाणी वाहून जातं. आत मात्र माती ओल धरून ठेवते, भर उन्हाळ्यात वेलाला थोडी थोडी देते."

"विहिरीपाशी काळीच आहे," ते म्हणाले, आणि झोपायला गेले.

8 फेब्रुवारी

आज संध्याकाळी एक बाटली आधी उघडली. ही वाइन किती वेळ हवेत ठेवावी लागेल ते उद्यावर सोडायचं नव्हतं.

बूच अखंड निघालं. ग्लासात ओतली, रंग सुंदर, कडेला विटकरी झाक. नाक घातलं आणि थांबले. पावसाळ्यात भिजून कोपऱ्यात पडलेल्या बारदानाचा वास. फिरवून पुन्हा पाहिलं, बारदानच. तोंडात फळ नाही, नुसता पुठ्ठा. दादाकडे ग्लास दिला. त्याला वाटलं, जुनी वाइन अशीच असावी.

अशी नसते. हा बुचाचा दोष. बुचाच्या सालीत तयार झालेलं टीसीए नावाचं रसायन वाइनमध्ये उतरतं. एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. पिणाऱ्याला अपाय नाही, पण फळाचा गळा दाबला जातो. हवेत ठेवून जात नाही, शिजवूनही वास मागे राहतो. यात मळेवाल्याचा निष्काळजीपणा असतोच असं नाही, बूच वरून निर्मळ दिसतं.

दादाचा चेहरा पडला. तुलूजहून बोर्दोला जाऊन, मळ्यात उभं राहून, निवडून आणलेल्या बाटल्या. चारातली एक गेली. उरलेल्या तिघींचं काय, हे आज कळणार नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की बरं झालं आज कळलं. ती बाटली मात्र ओतली नाही. दोष ओळखायला शिकवायची असेल तर याहून चांगला नमुना मिळत नाही. दादाने, वहिनींनी आणि आईनेही एकदा वास घेतला. आई म्हणाली, "कोठीतली गोणी." आता ती हा वास विसरणार नाही.

9 फेब्रुवारी

सकाळी 61 दिव्यांनी औक्षण. आबा डोळे मिटून बसले होते, दिव्यांची ऊब चेहऱ्यावर येत असणार.

संध्याकाळी साडेसहाला दुसरी बाटली उघडली. श्वास रोखून वास घेतला. स्वच्छ. तिसरी, स्वच्छ. चौथी राखून ठेवली. दोन्ही वाइन आईच्या काचेच्या सुरईत सावकाश ओतल्या. तळाचा गाळ येतोय का ते बघायला वहिनींनी मागे टॉर्च धरला होता. खोलीत 19 अंश, सुरई थंड पाण्याच्या परातीत दहा मिनिटं, 17 वर आली. सव्वा तास हवेत.

पंगत नऊ जणांची. वाइन घेणारे सात. आजीने नुसता वास घेतला आणि म्हणाली, "वाळलेल्या आलुबुखाराची बरणी." ऐंशीच्या घरातलं नाक, कुणी शिकवलेलं नाही.

भरीत-भाकरी आली तेव्हा मी आबांच्या शेजारी बसले. डिसेंबरात चुकले होते ते यावेळी नीट केलं. आधी ग्लास पांढऱ्या रुमालावर तिरका धरायला लावला. मधला गडद लाल, कडेचा विटकरी. आठ वर्षांचं वय त्या कडेला दिसतं. मग न फिरवता वास. मग फिरवून. मग छोटा घोट, तोंडात थोडी हवा ओढून.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

"कात आहे," ते म्हणाले. "पण चुना बरोबर लागलाय."

माझ्या नाकाला काळ्या चेरीचा वास, त्यामागे तंबाखूचं कोरडं पान, पेन्सिल तासताना येतो तो लाकडाचा वास, आणि अगदी शेवटी ओल्या मातीसारखं काही. पण हे सगळं वहीत. त्यांच्या वाक्यापुढे मला त्यात भर घालावीशी वाटली नाही.

सुक्कं आलं. आईने छातीचे तुकडे आबांच्या पानात वेचून घातले होते. त्यांनी घास घेतला, घोट घेतला, पुन्हा घास. तिसऱ्या वेळी त्यांनी दादाकडे बघून नुसती मान हलवली. मामी भरल्या वांग्यांवर दोनदा परतल्या. 4 जानेवारीला झाली होती ती मखमल आजही होती, फक्त लांब. घोट गिळल्यावर चव कितीतरी वेळ रेंगाळत राहिली. सरावाच्या वाइनमध्ये ती लवकर विरायची.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी: सुक्क्यात लवंग थोडी जास्त झाली. ओकमधूनही लवंगेसारखा वास येतोच, दोन्ही मिळून जड होतं. निम्मी पुरेल.

ग्लास उचलले, मग रस्सा-भात, मग पुरणपोळी. रस्सा वाढताना आई म्हणाली, "घ्या, आता तुमचा," आणि आबा हसले.

10 फेब्रुवारी

रात्री सुरईत कपभर वाइन उरली होती. सकाळी चाखली. फळ ओसरलंय, तंबाखू आणि माती पुढे आलीय. गार सुक्क्यासोबत अजूनही चांगली. चौथी बाटली दादाने इथेच आडवी ठेवायला सांगितली, आबांच्या कोठीत. उन्हाळ्यात ती कोठी तापते, तेव्हा मी ती माझ्याकडे वाइनच्या कपाटात नेणार.

साडेनऊला आबा म्हणाले, "चल जरा विहिरीकडं."

मोटरच्या खोलीवर तो वेल. मला वाटलं होतं, नुसता पसरलेला असेल. जवळ गेल्यावर दिसलं, ओलांडे, म्हणजे वेलाच्या आडव्या फांद्या, सरळ आहेत, जुन्या काड्यांवर छाटणीचे कोरडे काप आहेत, वर्षावर्षाचे. दरवर्षी ऑक्टोबरात त्याची गोडी छाटणी होत होती. पानांखाली काळेनिळे घड होते, सैलसर, मणी बारके, वर राख फुंकल्यासारखा पावडरीचा थर.

आबांनी एक मणी तोंडात टाकला, बी दाताने फोडलं, तळहातावर काढून मला दाखवलं. अर्धं तपकिरी, टोकाला अजून हिरवट. खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर मणी पिळला, डोळ्याला लावला आणि मग माझ्या हातात दिला. 21.5 ब्रिक्स.

"अजून आठ दिवस," ते म्हणाले.